साल बघून घे

वाइनच्या दुकानात गेले की मी किंमत नंतर बघते. आधी बाटलीवरचं साल बघते. मग ती कुठे उभी होती ते बघते: रस्त्याकडच्या काचेत उन्हाला लागून, की आतल्या गार फडताळात. बाटलीची काच पांढरी असेल तर ती दिव्यासमोर धरते. पांढऱ्या वाइनचा रंग फिका, किंचित हिरवट झाक असलेला हवा. चहाकडे झुकलेला नको. एवढं झालं की मग किंमत. ही पारख माझी नाही, अक्कांची आहे. त्यांच्याकडून मी जे जे घेतलं त्यात ही सगळ्यात लहान गोष्ट, पण एप्रिल संपत आला की पहिली आठवते ती हीच.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागायतदारांचं. मी लग्न होऊन पुण्याच्या घरात आले तेव्हा घरातल्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, आणि त्यातल्या अर्ध्या त्यांनी पहिल्याच दिवाळीत माझ्या हातात दिल्या. जावाजावा म्हटलं की लोकांना भांड्याला भांडं लागल्याचा आवाज ऐकू येतो. आमच्यातही तो कधीमधी झाला. पण अक्कांनी मला धाकटी म्हणून कधी राबवलं नाही, आणि धाकटी म्हणून सांभाळायचंही कधी सोडलं नाही.

सासूबाईंचं शेवटचं आजारपण लांबलं. रात्र अक्कांची, दिवस माझा. मधे नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा, येणारे-जाणारे. वर्षश्राद्ध झालं, आणि त्यानंतरच्या मे महिन्यात एका संध्याकाळी जेवताना अक्कांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "ही, मी आणि वन्सं, आम्ही तिघी शुक्रवारी दापोलीकडे जातोय. रविवारी रात्री येऊ. घर तुम्ही बघा." भावजींना काही बोलायला सुचायच्या आत त्या त्यांना कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या ते समजावून सांगायला लागल्या होत्या. मला म्हणाल्या, "तिथे दोन दिवस तुझ्या हातात लाटणं दिसलं तर मी तशीच गाडी माघारी वळवीन."

हर्णैजवळ माडांच्या वाडीत एक घर होतं. मालकीणबाई पाहुणे ठेवायच्या आणि स्वतः रांधून वाढायच्या. बाहेर पडवी, पडवीपुढे विहीर, आणि वाडीच्या टोकाला उभं राहिलं की माडांमधून सुवर्णदुर्गाचा तट दिसायचा. बॅगा आत टाकून मी सवयीने स्वयंपाकघराकडे वळले होते. अक्कांनी हाताला धरून बाहेर आणलं.

बाटल्या त्यांनी पुण्याहून जुन्या सुती पातळात गुंडाळून, पातळ ओलं करून, मागच्या सीटच्या पायाशी ठेवून आणल्या होत्या. डिकीत ठेवायला त्या कधीच तयार नसतात. मे महिन्यात बंद डिकीत वाइन शिजते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. तिथून परत येताना त्यांनी मासळीवर घालायचा भुगा बर्फ पिशवीभर मागून आणला. तो पोटात घ्यायचा नाही, बाटलीला फक्त बाहेरून लावायचा. विहिरीवरची बादली घेतली. आधी बर्फ, मग त्यात पाणी, मग मूठभर खडेमीठ.

"पाणी घातलं तर बर्फ लवकर वितळेल ना, अक्का?"

"नुसता बर्फ बाटलीला चार ठिकाणी टेकतो. पाणी सगळीकडून बिलगतं. आणि मीठ घातलं की ते शून्याच्या खाली उतरतं. मटक्यातली कुल्फी करणाऱ्याला विचार."

बाटली त्यांनी मानेपर्यंत बुडवली आणि मधूनमधून दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवत राहिल्या. वीसेक मिनिटांत बाहेर काढली तेव्हा काचेवर दव धरलं होतं. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता, पण पुढे मी मोजून पाहिलं आहे: असं केलं की वाइन आठ ते दहा अंशांवर येते, आणि साध्या पांढऱ्या वाइनला तेच हवं असतं. पार बर्फासारखी केली तर वासच येत नाही. कोमट राहिली तर दारूचा झणका तेवढा पुढे येतो.

झाकण फिरकीचं होतं. वन्संना वाटलं, बूच नाही म्हणजे हलकं काहीतरी दिसतंय. अक्कांनी झाकण फिरवून काढलं. "वर्षभरात संपवायची वाइन आहे. तिला हवा लागू नये एवढंच बघायचं. त्याला हे झाकण बुचापेक्षा चांगलं."

आमच्या घरी गच्चीवर पुरुषांची बैठक बसायची तेव्हा पापड आणि शेंगदाणे आम्ही खालून वर पाठवायचो. कुणाच्या मनात त्यात वाईट काही नव्हतं. तसं चालत आलं होतं. त्या संध्याकाळी पडवीत तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या, मधल्या स्टुलावर फणसाच्या पापडांची थाळी होती, पापड दुसऱ्या कुणीतरी तळले होते आणि बसणाऱ्या आम्ही होतो. मी पहिला घोट घेतला. पेरूचा वास आला, अगदी पिकलेल्या नाही, अजून कडक असलेल्या पेरूचा. जिभेवर आधी किंचित गोडसर काही लागलं, मग गालांच्या आतून पाणी सुटेल असा आंबटपणा, आणि लगेच वाटलं की पापडाचा एक तुकडा तोडावा. त्या क्षणी मला वाइनबद्दल काहीच कळत नव्हतं. सासूबाई गेल्यापासून आपण निवांत बसलोच नव्हतो, एवढं मात्र कळलं.

ती शेनिन ब्लाँ होती. अक्कांच्या माहेरी नुसतं शेनिन म्हणतात. मूळची फ्रान्सच्या लुआर नदीकाठची, आणि आज जगात सगळ्यात जास्त लावली जाते ती दक्षिण आफ्रिकेत. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांचं वारं सुरू झालं ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी नारायणगावला चौगुल्यांच्या इंडागे कंपनीने फेसाळ वाइन काढून परदेशी पाठवली होती. पण शेनिन आणि सॉव्हिन्यॉ ब्लाँ ही नावं आपल्याकडे रुळली ती राजीव सामंतांनी १९९७ मध्ये नाशिकजवळ त्या वेली लावल्या आणि २००० मध्ये सुलाच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या तेव्हापासून. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, इथल्या द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, आणि मग निफाड-दिंडोरीतल्या कितीतरी बागायतदारांनी खायच्या थॉमसन द्राक्षांच्या शेजारी वाइनच्या वेली लावल्या. अक्कांचे भाऊ त्यातलेच एक.

आम्हा सगळ्यांचे ते मामाच. एका फेब्रुवारीत अक्का मला त्यांच्या बागेत घेऊन गेल्या. पहाट होती आणि निफाडची थंडी होती. हिवाळ्यात राज्यातला नीचांकी पारा म्हणून वर्तमानपत्रात ज्या गावाचं नाव येतं ते हेच. तोडणी सुरू होती. ऊन चढायच्या आत घड क्रेटमध्ये पडले पाहिजेत, नाहीतर मणी गरम होतात आणि वाटेतच रस आंबायला लागतो. मला शेतातली द्राक्षं म्हणजे लांबट, बिनबियांची, कुडुम वाजणारी एवढंच ठाऊक होतं. ही वेगळी होती: बारीक गोल मणी, घट्ट दाटलेला घड, जाड साल, आत बी. मामांनी दोन मणी चुरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला आणि तो उगवतीकडे धरून आकडा वाचला. अक्कांनी तो आकडा विचारलाही नाही. एक मणी तोंडात टाकला, गर गिळला, साल चावली, आणि बी दाढेखाली धरून फोडली.

"कडकडली. उद्यापर्यंत थांबू नकोस," त्या भावाला म्हणाल्या.

हिरवट, ओली बी कडू लागते; पिकलेली तपकिरी होते आणि दाढेखाली कडकन वाजते. हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं नव्हतं, कारण वडिलांच्या बागेत बियांची द्राक्षं नव्हती. भावाने वाइनच्या वेली लावल्यावर माहेरी येता-जाता त्या स्वतःच शिकल्या. आणि त्याच बांधावर बसून त्यांनी मला सांगितलं की आपल्याकडे वेल झोपत नाही. थंड मुलखात हिवाळ्यात ती पानं टाकून निजते. इथे ती बारा महिने जागी, म्हणून तिला दोनदा छाटायचं: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. पीक एकच, हिवाळ्यातलं. दिवसा ऊन साखर भरतं, रात्रीची थंडी आंबटपणा राखते. शेनिनचा गुण असा की उष्ण मुलखातही ती आपला आंबटपणा सहजी सोडत नाही, आणि वेलीला माल भरपूर देते. तिची बाटली परवडते ती या दोन कारणांनी. कारखान्यात रस सालीपासून लगेच वेगळा करतात, स्टीलच्या टाक्यांत गार ठेवून हळूहळू आंबवतात, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवत नाहीत. टाकी लवकर रिकामी होते, पैसा अडकून पडत नाही.

म्हणजे स्वस्त शेनिन स्वस्त आहे ती कुणी त्यात काही कमी केलं म्हणून नव्हे. तिचा धर्मच ताजेपणाचा आहे. मे महिन्यात दुकानात गेलं तर मागच्या वर्षाच्या तोडणीची घ्यावी. क्वचित यंदाचीही आलेली असते. तीन-चार वर्षं जुनी बाटली सवलतीत मिळत असेल तर ती मला फुकटही नको. लाल वाइनबद्दल ऐकलेलं 'जुनी तितकी चांगली' इथे लावलं की पैसे गेलेच. हजार रुपयांच्या आसपास आपल्याकडे चांगली शेनिन मिळते, सॉव्हिन्यॉ ब्लाँ थोडी वर. सुलाची आहे, यॉर्कची आहे, अकलूजकडे फ्रातेल्लीची आहे. त्याच पैशात परदेशी बाटली शोधण्यात अर्थ नाही. परदेशी वाइनवर आपल्याकडे सीमाशुल्क जड असतं, तेव्हा त्या किमतीत बाटलीतल्या वाइनपेक्षा कराचाच वाटा मोठा असतो.

मामांच्या बागेचं पुढे जे झालं ते सांगितल्याशिवाय मला शेनिनबद्दल बोलता येत नाही. २००८ नंतर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप बसला. टाक्या भरलेल्या होत्या, नवा माल कुणाला नको होता. ज्या कारखान्याशी मामांचा करार होता त्यांनी तोडणीच्या तोंडावर हात वर केले. वाइनचं द्राक्ष बाजार समितीत विकत नाही. बी आणि जाड साल कोण खाणार? त्या काळात नाशिककडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटल्या. मामांनी एक तुकडा उपटून तिथे पुन्हा थॉमसन लावली, दुसरा ठेवला. अक्का तेव्हा माहेरी जाऊन राहिल्या. वेली निघाल्या त्या दिवशी बांधावर उभ्या होत्या, असं मामी सांगतात. परत आल्यावर त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्या मे महिन्यात कोकणात जाताना त्यांनी दोनऐवजी तीन बाटल्या घेतल्या, आणि दुकानात कुणीतरी "स्वस्तातली आहे, ताई, जरा वरची दाखवू का?" म्हणालं तेव्हा त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "स्वस्त असेल तुम्हाला. ती पिकवायला काय लागतं ते आमच्या घरी येऊन बघा."

उरलेला तुकडा आज आहे. पुढे दुसऱ्या एका कारखान्याने माल घ्यायला सुरुवात केली.

या सगळ्यामुळे अक्का वाइनच्या बाजूच्या आहेत असं कुणी समजू नये. २०२२ च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि केवढं रान उठलं. तो निर्णय पुढे अमलात आलाच नाही. मामा तेव्हा फोनवर तावातावाने सरकारच्या बाजूने बोलायचे. अक्का ऐकून घ्यायच्या. त्यांनी भावाचा माल पडून राहिलेला पाहिला होता, आणि माहेरच्या गावात दारूने बसलेली घरंही पाहिली होती. दोन्ही खरं आहे, एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या सहलींतही त्यांचे नियम कडक. एका बाटलीत पाच ग्लास होतात. तिघींना एका संध्याकाळी एक बाटली पुरे. प्रत्येक ग्लासाबरोबर तेवढंच पाणी. पहिला घोट घेतला की गाडीची किल्ली त्यांच्या पर्समध्ये, ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार, आणि समुद्रात पाय बुडवण्यापलीकडे कुणी जायचं नाही. ज्यांना नको त्यांना आग्रह नाही. वन्संनी पुढे सोडून दिली, त्यांच्यासाठी कोकम सरबत तितक्याच निगुतीने गार होतं.

जेवणाशी काय जुळतं हे मात्र आम्ही दोघींनी मिळून शोधलं, आणि त्यात मला फार आनंद मिळाला आहे. कोकणातल्या मालकीणबाईंचं तिखट हलकं नसतं. तिखटावर कडक, कोरडी वाइन घेतली की जीभ आणखी भाजते. किंचित गोडवा असलेली शेनिन तो जाळ शमवते. म्हणून तिसऱ्यांचं सुकं, कोळंबीचं तिखलं, मसाल्याची सुरमई, यांच्याबरोबर शेनिन. सॉव्हिन्यॉ ब्लाँचा स्वभाव निराळा. तिला हिरवा वास असतो, ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसलाच, आणि दोन्हींत तो एकाच जातीच्या द्रव्यामुळे येतो. तिच्याबरोबर कोथिंबीर वडी खाऊन बघा. अळूवडी, वरून लिंबू पिळलेला तळलेला बांगडा, हिरवं वाटण लावून केळीच्या पानात भाजलेलं पापलेट, सगळं तिच्याशी जुळतं. सोलकढी मात्र जेवणाच्या शेवटी, वाइन संपल्यावर. आणि हापूसबरोबर काही नाही. आंब्याच्या गोडीपुढे कुठलीही कोरडी वाइन नुसतं आंबट पाणी लागते. रविवारी सकाळी मालकीणबाई आढीतले आंबे काढून द्यायच्या, तेव्हा आंबा हाच कार्यक्रम असायचा.

अक्कांची लेक लंडनला असते. तीही शनिवार-रविवार जोडून मैत्रिणींबरोबर समुद्राकडे जाते आणि सुपरमार्केटमधल्या फडताळापुढे उभी राहून आईला फोन लावते. अक्का फ्रेंच नावं वाचत बसत नाहीत. दक्षिण आफ्रिकेची शेनिन आहे का विचारतात. ती तिथे परवडणारी असते आणि फसवत नाही. नाहीतर पोर्तुगालची विन्यो व्हेर्दे, दारूचं प्रमाण कमी, जिभेला जरा चुरचुरणारी, दुपारच्या वेळेला बरी. मासे असतील तर लुआरच्या तोंडाकडची म्युस्काडे. ही नावं अक्कांना मी वाचून सांगितलेली. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे जे थोडं होतं त्यातलं हे एक.

बाकी देणं फिटणारं नाही, आणि ते फेडायचं असं त्यांच्या मनातही नाही. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मी महिना महिना माहेरी राहिले तेव्हा माझं घर त्यांनी चालवलं. मी नोकरी सोडायचं म्हणत होते तेव्हा त्यांनी सोडू दिली नाही. या मोठ्या गोष्टी, आणि त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. मला मात्र त्यांच्या ऋणात जास्त खोल धरून ठेवलं आहे ते त्या पडवीतल्या तीन खुर्च्यांनी. स्वतः थकल्यावर माणूस स्वतःपुरता विसावा शोधतो. अक्का तेव्हा माझ्याइतक्याच थकल्या होत्या. उलट रात्रीचं जागरण त्यांचं होतं. तरी दुकानात जाऊन साल बघून बाटली निवडणं, पातळ ओलं करणं, बर्फ मागून आणणं, मीठ घालून ती फिरवत बसणं, हे त्यांनी केलं, आणि मला फक्त बसायला सांगितलं.

आता त्यांना रक्तदाबाची औषधं सुरू आहेत. डॉक्टरांनी वाइन बंद केली, त्यांनी त्याच दिवशी केली. सहल बंद केली नाही. गाडी आता मी चालवते, त्या शेजारी बसतात आणि ताम्हिणीत प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवायची आठवण करतात. बादलीचं काम अजून त्यांचंच. ग्लास माझ्या हातात देतात, नुसता वास घेतात आणि विचारतात, "पेरू आला का?" आला की त्यांचं समाधान होतं. नाही आला तर बाटली जास्त गार झाली, दहा मिनिटं थांब म्हणतात, आणि थांबल्यावर येतो.

या वर्षी आम्ही आंजर्ल्याला जातोय. माझी सून पहिल्यांदाच बरोबर आहे, म्हणून चौघी. यादी अक्कांनी काल फोनवर सांगितली: दोन शेनिन, एक सॉव्हिन्यॉ ब्लाँ, तिन्ही मागच्या सालच्या, कुठल्याही हजारबाराशेच्या वर नकोत, वन्संसाठी कोकमाचं आगळ, आणि खडेमीठ घरून घ्यायचं, कारण मागच्या वेळी मालकीणबाईंच्या बरणीतलं अर्धं आपण बादलीत घातलं होतं.